तीन नंबरची लाइन

पुणे, ४ एप्रिल १९९४

प्रिय रमामावशी,

तुला नमस्कार, आणि तुझ्या स्वयंपाकघराला दोन. फेब्रुवारीतले ते पंधरा दिवस अजून अंगावर आहेत. आई म्हणाली, पनवेलला कामाला गेला होतास की माहेरपणाला? शर्टाची बटणं लागत नाहीत. दोष तुझ्या डाळिंब्यांच्या उसळीचा, माझा नाही.

तू रोज विचारायचीस, ‘त्या सबस्टेशनात दिवसभर काय दिवे लावतोस?’ आणि मी दमलेला असायचो, धड उत्तर द्यायचो नाही. आता सविस्तर सांगतो. वाचताना झोपू नकोस.

तुमच्या सबस्टेशनातून गावाकडे पाच लाइनी निघतात. आम्ही त्यांना फीडर म्हणतो. एकेक फीडर म्हणजे गावाचा एकेक तुकडा. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात आणि वीज पुरत नाही. मग वरून हुकूम येतो, इतकी वीज कमी करा. तो आला की ड्यूटीवरचा ऑपरेटर एखादी लाइन तासाभरासाठी बंद करतो. कुठली, ते आजवर काशीराम नावाचा ऑपरेटर मनानं ठरवायचा. आता माझा कॉम्प्युटर ठरवणार. ह्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. मी काशीरामच्या शेजारी बसून प्रत्येक वेळी विचारलं, ‘हीच का बंद केलीस? ती का नाही?’ तो जे सांगेल त्याचे नियम केले. असं असेल तर तसं कर. त्यात मागच्या तीन वर्षांची माहिती भरली. उकाडा किती, वार कुठला, सण आहे का, कोणाची लाइट किती वेळा गेली, सगळं बघून मशिन क्षणात सांगतं. न थकता, न चिडता, कोणाची ओळखदेख न ठेवता.

ओळखीवरून आठवलं. तीन नंबरची लाइन तीन वर्षांत बाकीच्यांच्या निम्म्यानंसुद्धा गेलेली नाही! काशीरामला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, ‘असंच साहेब, सवयीनं.’ सवयीनं म्हणे. त्या लाइनीवर एक मोठं मंगल कार्यालय आहे. मी काय समजायचं ते समजलो. म्हणून एक खास नियम घातलाय. ज्यानं आजवर कमी सोसलं, त्याची पाळी आधी, बाकीच्यांशी बरोबरी होईपर्यंत. मावशी, खरं सांगतो, तो नियम लिहिला त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आपल्या देशात कोणीतरी एकदा तरी वशिला मोडून काढतंय, आणि ते मी करतोय, असं वाटलं.

पंधरा तारखेपासून मशिन सुरू होईल. सहा मेला मुंबईहून वीज खात्याचे मोठे साहेब बघायला येणार आहेत. त्यांना आवडलं तर हे आणखी बारा गावांत जाईल आणि माझी नोकरी पक्की होईल. त्या रात्री जेवायला तुझ्याकडे.

तुझा
अपूर्व


पनवेल, १० एप्रिल १९९४

अपूर्वशेट,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत बसत नाही.

पत्र दोनदा वाचलं, झोपले नाही. कृत्रिम दात ऐकले होते, कृत्रिम पाय तर आमच्या गल्लीतच आहे, पण बुद्धीसुद्धा बाहेरून बसवून मिळते हे नवीनच. आमच्या डॉक्टरांच्या मेव्हण्यासाठी एक पाठव. माप घरचे लोक देतील.

पण काम चांगलं करतोयस. त्या तीन नंबरवाल्यांना दाखवच हिसका. माझ्या घरची लाइट आठवड्यातून चारदा जाते. मी ड्यूटीवरून येऊन पदरानं वारा घेत बसते आणि तिकडे कोणाच्या तरी वरातीत झुंबरं लखलखताहेत! अगदी पहिल्या दिवसापासून घे त्यांना फैलावर.

आता माझं ऐक. दवाखान्यात परवा एक पोर आली. पारू. शिरढोणच्या पुढे वीटभट्टीवर कामाला असते, कातकरी आहे. सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. नवरा गोरख तिला विटांच्या ट्रकमध्ये घालून घेऊन आला. मुलगी झाली. किलोच्या जेमतेम वर. इनक्युबेटरमध्ये ठेवलीय. आमच्याकडे सगळे त्याला पेटीच म्हणतात. आत ऊब राहते, तेवढ्यावर ती तगून आहे. पारू काचेला नाक लावून उभी असते. तिला म्हटलं, बस गं जरा, तर म्हणते, ‘बाय, मी नजर काडली तर ती थांबल.’ श्वास थांबेल म्हणायचं होतं तिला.

डॉक्टर म्हणतात, महिनाभर पेटीत काढली तर जगेल. अपूर्व, मेट्रन म्हणून इतकी वर्षं काढली, अशी पोरं पुष्कळ पाहिली, काही हातातून गेलीसुद्धा. पण ह्या टिचभर मुलीत माझा जीव अडकलाय. तिनं काल माझ्या करंगळीचं टोक धरलं आणि सोडेना.

आमचा जनरेटर बंद पडलाय. त्याचा पार्ट मुंबईहून यायचा आहे आणि मेकॅनिक रोज ‘उद्या’ म्हणतो. तुझ्या मशिनला त्याच्यावर काही उपाय येत असला तर कळव.

मावशी


पनवेल, १९ एप्रिल १९९४

अपूर्व,

घाईत लिहितेय, अक्षर वाईट आलं तर आलं.

पंधरा, सोळा आणि काल. तीन संध्याकाळी दवाखान्याची लाइट गेली. तासभर. तिन्ही वेळा दिवेलागणीला. गरम पाण्याच्या पिशव्या, कापूस, आम्ही चौघी पेटीभोवती, आणि डॉक्टर टॉर्च धरून. काल ती मुलगी इतकी गार पडली की पारूनं किंकाळी फोडली.

आज मी काशीरामला गाठलं, टपाल नाक्यावर, भर बाजारात. म्हटलं, रोज फोन करतेय, ऐकू येत नाही का? तर तो रडकुंडीला येऊन म्हणतो, ‘बाई, मी काय करू? कॉम्प्युटर रोज तीन नंबर दाखवतो. तुमीच तीन नंबर हाव.’

आम्ही तीन नंबर! ऐकतोयस? माझं घर दोनवर आहे आणि दवाखाना तीनवर. मी बावळट, तुला पत्रात लिहून मोकळी झाले, घे त्यांना फैलावर!

आता सांगते ते नीट वाच. हे तुला सांगायचं असतं हे मला माहीतच नव्हतं. पेटीत बाळ असलं की आम्ही संध्याकाळी सबस्टेशनला फोन करतो. ‘काशीराम, पेटी चालू आहे.’ बस, एवढंच. मग तो आमची लाइन बंद करत नाही, दुसरी कुठलीतरी करतो. फोन आला नाही तर आमचीही जाते, त्याबद्दल कोणी ब्र काढत नाही. मी इथे लागले त्याच्या आधीपासून हे चालत आलंय. ना अर्ज, ना हुकूम. फेब्रुवारीत तू होतास तेव्हा पेटी रिकामी होती, म्हणून तुझ्यासमोर फोन झाला नाही. तीन वर्षं तुला जी लबाडी दिसली ती ही! त्या लाइनीवर जी लाइट राहिली त्यात किती पोरं श्वास घेत होती, ते तुझ्या मशिननं मोजलं का?

काशीरामला विचारलं, साहेबानं पंधरा दिवस खोदखोदून विचारलं तेव्हा तोंडात काय गूळ धरला होतास? म्हणाला, ‘लेखी आर्डर नसताना लाइन वाचवली ह्ये साहेबासमोर कबूल करू? माजी नोकरी जायची.’ त्याला बोलावं तर तोही खोटा नाही.

म्हणजे तुझी कृत्रिम बुद्धी आता आमच्यावर मागची उधारी काढतेय. आजच्या आज बंद कर. पत्र मिळताच फोन कर. दवाखान्याचा नंबर तुला ठाऊक आहे.

मावशी


पुणे, २३ एप्रिल १९९४

प्रिय मावशी,

तुझ्याशी फोनवर बोललो तेव्हा शेजारी आमच्या कंपनीचे सर उभे होते, म्हणून नुसतं ‘हो, हो’ करत राहिलो. तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस.

पत्र वाचलं आणि मी लगेच सरांकडे गेलो. म्हटलं, दवाखान्याची लाइन वगळायचा नियम घालूया, एका दिवसाचं काम आहे. सर म्हणाले, ‘आज दवाखाना, उद्या आमदाराचा बंगला, परवा साखरपुडा. आपण काय विकतोय? मशिन कोणाचं ऐकत नाही हेच तर विकतोय. सहा तारखेच्या आधी एका अक्षराला हात लावायचा नाही. नंतर बघू.’ मी वाद घातला. पण मावशी, खोटं कशाला बोलू, त्यांचं थोडं मलाही पटलं. तू माझी मावशी आहेस म्हणून मी नियम बदलायचा, तर मग माझ्यात आणि त्या काशीराममध्ये फरक काय राहिला?

आणि रागावू नकोस, पण त्या मंगल कार्यालयाची भानगडही खोटी नाही. मी काशीरामला फोनवर दरडावलं तेव्हा त्यानं कबूल केलं. पेटीत बाळ नसतानाही लग्नाच्या दिवशी तो तीन नंबर वाचवायचा. कोणी विचारलं तर तुमच्या दवाखान्याचं नाव पुढे करायचा. त्याच्या घरी बुंदीचे लाडू कमी पडत नव्हते म्हणे. म्हणजे मी अगदीच आंधळा नव्हतो.

असो. मी एक केलंय, सरांना न सांगता. काशीरामला सांगितलंय की सहा तारखेपर्यंत रमाबाईंचा फोन आला की मशिन काहीही दाखवू दे, तू तीन नंबरला हात लावायचा नाहीस, मी बघून घेईन. तेव्हा तू नेहमीसारखा फोन करत जा. सहा तारीख गेली की मी तो नियम घालणार, शपथ घेऊन सांगतो. बारा-तेरा दिवसांचा प्रश्न आहे, जरा धीर धर.

मुलगी कशी आहे?

अपूर्व


पनवेल, २९ एप्रिल १९९४

अपूर्व,

मुलगी आहे. दीडशे ग्रॅम वाढली. तिच्या आईनं हे ऐकून डॉक्टरांच्या पायावर डोकं ठेवलं, ते बिचारे लाजून औषधांच्या खोलीत जाऊन बसले.

फोन चालतोय. रोज संध्याकाळी मी तिकडे ‘पेटी चालू आहे’ म्हणते आणि काशीराम ‘व्हय बाई’ म्हणतो. त्यानंतर लाइट गेलेली नाही. तेवढ्यापुरता तुझ्यावरचा राग खाली ठेवलाय, टाकलेला नाही.

त्या लाडवांचं मला माहीत नव्हतं. आमच्या नावावर वराती नाचत होत्या हे ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली. काशीरामला मी सोडणार नाही, पण बाळ पेटीतून बाहेर आल्यावर. आत्ता त्याच्याशी गोड बोलावं लागतंय, काय करणार!

पण तू जे लिहिलंस ना, की फरक काय राहिला, त्यावर मी विचार केला. मी तुझी मावशी आहे म्हणून नको करूस. मी कोणी नाही असं समज. पेटीत मुलगी आहे आणि तिला ऊब लागते. ह्यात नातं कुठे आलं?

सहा तारखेला जेवायला येतोयस ना? ओले काजू आणून ठेवलेत. गोरख कामाचा रोज बुडवून दवाखान्याच्या पायरीवर बसून असतो. त्याला म्हटलंय, माझा भाचा येणार आहे, त्याच्याच हातात तुमच्या पेटीची लाइट आहे. तुला बघायचंय त्याला.

मावशी


पुणे, ७ मे १९९४

प्रिय मावशी,

काल येऊ शकलो नाही, फार वाईट वाटलं. डेमो संपल्यावर सरांनी गाडीत घातलं ते थेट पुण्याला. काजू वाया गेले असतील. पुढच्या वेळी डबल खाईन.

डेमो उत्तम झाला! साहेब लोक खूश. वरून हुकूम आला आणि मशिननं डोळ्याचं पातं लवतंय तोवर उत्तर दिलं. एक साहेब म्हणाले, असला ऑपरेटर मला घरी पाहिजे. बारा गावांचं काम आम्हालाच मिळेल असं दिसतंय.

काल मशिननं तीन नंबर निवडला होता असं नंतर लक्षात आलं. त्या गडबडीत मला समजलंच नाही. काशीरामला तुझा फोन आला असेलच आणि त्यानं सांभाळून घेतलं असेल, असं धरून चाललोय. सगळं ठीक आहे ना? आता लगेच तुझ्या नियमाचं काम हातात घेतो.

पत्र मिळताच दोन ओळी टाक.

अपूर्व


पनवेल, १० मे १९९४

अपूर्व,

तुला दोन ओळी हव्या होत्या. माफ कर, जास्त होतील.

सहा तारखेला दिवे लागायच्या वेळी मी फोन केला. पलीकडून उचलल्याचा आवाज आला आणि मग कानात कर्कश शिट्टी. घरघर, खरखर, शिट्टी. मला वाटलं चुकीचा नंबर लागला. पुन्हा केला. पुन्हा तेच. पाच-सहा वेळा केला. अपूर्व, मी त्या शिट्टीत ओरडत होते, ‘काशीराम, पेटी चालू आहे! पेटी चालू आहे!’ आणि लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी काशीरामनं सांगितलं. सबस्टेशनात बाहेरचा फोन एकच. तो तुम्ही सकाळीच काढून तुमच्या मशिनला जोडला होतात, पुण्याच्या ऑफिसात बसलेल्यांनाही दिसावं म्हणून. आणि काशीरामला ताकीद, आज पडद्यावर जे येईल तेच करायचं. तो बिचारा म्हणतो, ‘बाई, फोन नाय आला, मंग मला वाटला पेटी रिकामी हाय.’ त्याचं बरोबर आहे. फोन आला नाही तर पेटी रिकामी, असाच तर आमचा शिरस्ता.

जनरेटर अजून बंदच, म्हणून लाइट गेल्यावर मी ठमाबाईला पळवलं. आमची आया ठमाबाई, तुला तिनं फेब्रुवारीत तांदळाची भाकरी करून घातली होती. साठीची बाई, गुडघे गेलेले, ती त्या उकाड्यात सबस्टेशनपर्यंत धावली. फाटकावर शिपायानं अडवलं, साहेब लोक आत आहेत म्हणून. ती बाजूनं कुंपणाच्या कडेकडेनं तुमच्या मशिनच्या थंड खोलीच्या खिडकीशी गेली आणि काचेवर थापा मारायला लागली.

आता पुढचं तूच सांग. की मी सांगू?

ठमाबाई परत आली, पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, ‘बाय, तुजा भाचा हुता. त्यानी माज्याकडं बगलान. वळखलान पण. मंग पडदा वडलान.’

मी तिला म्हटलं, तू चुकलीस, तो दुसरा कोणी असेल. तुझं पत्र येईपर्यंत मी तेच धरून बसले होते. आणि तू लिहितोस, गडबडीत समजलंच नाही!

तुमचे साहेब चहा प्यायला उठले तेव्हा कुठे शिपायानं काशीरामला निरोप दिला आणि त्यानं खटका ओढून लाइट परत दिली. तोवर इकडे काय झालं ते लिहिते, कारण ते तुला वाचलंच पाहिजे. पेटी गार झाली. मुलीला पारूच्या पोटाशी बांधली, वरून कापूस, वरून माझी शाल. तिचा श्वास दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी तिच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, जोरात, चिमूटभर पायांवर. दुसऱ्या वेळी ती रडलीसुद्धा नाही, नुसती हलली. गोरख दारात उभा होता. म्हणाला, ‘बाय, तुमचा भाचा आला नाय का?’

त्या दिवसापासून मुलगी दूध ओढत नाही, नळीनं थेंबथेंब घालतो. रंग बरा नाही. डॉक्टर माझ्याकडे बघायचं टाळतात. सांगता येत नाही म्हणतात.

मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकायची माझी आत्ता इच्छा नाही.

रमा


पुणे, १६ मे १९९४

मावशी,

चार वेळा फोन केला. तू घेतला नाहीस. तार केली, तिचंही उत्तर नाही. म्हणून लिहितोय. फाडून टाकायचं असेल तर वाचून मग फाड.

ठमाबाई खरं बोलली. मी तिला ओळखलं. ती काय ओरडत होती ते काचेतून ऐकू येत नव्हतं, पण ऐकू यायची गरजच नव्हती, पडद्यावर तीन नंबर लाल झालेला मला दिसत होता. मला सगळं समजलं होतं. एक साहेब म्हणाले, ‘कोण आहे ती?’ आणि मी म्हणालो, ‘लोकल न्यूसन्स, सर.’ ते हसले. मी उठून पडदा ओढला आणि पुढचा तक्ता दाखवायला लागलो. माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. मला वाटत होतं, काशीरामला फोन आला असेल, तो बघून घेईल, दहा मिनिटांनी मी बाहेर जाईन, पाच मिनिटांनी जाईन. मी गेलो नाही. फोन मीच मशिनला जोडला होता मावशी, त्या सकाळी, ह्याच हातांनी. तो तुझा फोन आहे हे तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि डोक्यात यायला हवं त्या वेळी मी पडदा ओढत होतो.

परवा पुण्यात अभिनंदनाची बैठक झाली. खात्याचे साहेबही होते. सरांनी अहवाल वाचला. त्यात एक वाक्य होतं : प्रयोगाच्या संध्याकाळी एकही तक्रार आली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हात वर नेले आणि ते हात एकमेकांवर आपटेनात.

मी उभा राहिलो. म्हणालो, एक तक्रार आली होती. फोन आपण काढला होता म्हणून एक म्हातारी बाई धावत आली होती. पेटीतल्या बाळासाठी. मी तिला ओळखत होतो. मी पडदा ओढला. सर म्हणाले, ‘अपूर्व, खाली बस.’ मी बसलो नाही. तुझ्या फोनचं सांगितलं, तुमचा शिरस्ता सांगितला, लाडूही सांगितले. काशीरामचं नाव मात्र घेतलं नाही, ‘ऑपरेटर’ म्हणालो. खात्याच्या एका साहेबांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग म्हणाले, दवाखान्यांच्या लाइनी वेगळ्या धरल्याशिवाय हे मशिन कुठेच लागणार नाही, आणि सबस्टेशनचा फोन कोणी काढायचा नाही. तसं लेखी देतो म्हणाले. पनवेलमधलं मशिन तोवर बंद ठेवलंय. काशीराम पुन्हा मनानं ठरवतोय.

नियम मी लिहिणार नाही, दुसरा मुलगा लिहील. सरांनी मला त्या कामावरून काढलं. महिनाअखेरीस बहुतेक कंपनीतूनही काढतील. हे मी दया मागायला लिहीत नाही. तुझ्याकडे दया मागायचं तोंड मला नाही.

एकच विचारतो, आणि ते विचारायचाही हक्क नाही हे माहीत आहे. ती आहे का?

अपूर्व


पनवेल, ६ जून १९९४

अपूर्व,

मुद्दाम उशीर केला. तू रोज पोस्टमनची वाट बघावीस असं वाटत होतं. माझ्यासारख्या बाईला असं वाटावं ह्याची लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

ती आहे.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं दूध ओढलं. मग थांबलीच नाही, आईला हैराण केलं. पेटीतून काढली, वजन केलं, डॉक्टरांनी पेढे वाटले, तेही स्वतःच्या पैशांनी, म्हणजे बघ! पण ती जगली म्हणून तू सुटलास असं समजू नकोस. ती तिच्या जिवावर जगली. तुझा पडदा ओढलेला तो ओढलेलाच. ठमाबाई मात्र तुला विचारते, पोरगं जेवतं का नीट. तिला काय सांगू?

बैठकीत उभा राहिलास ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तुझ्या आईला कळवू नकोस. मशिन परत सुरू झालंय. आता पडद्यावर आमच्या लाइनीपुढे खूण असते म्हणे, आणि काशीरामला अधिकारानं सांगता येतं की ही बंद करायची नाही. लाडू थांबलेत, म्हणून तो माझ्यावर घुश्शात आहे. तो नवा मुलगा दवाखान्यात येऊन सगळं विचारून गेला. तुझं नाव काढलं तर वही मिटून निघाला. काम चांगलं करतोय. तूही सोडू नकोस हे काम. नोकरी सोडावी लागली तर सोड, काम सोडू नकोस. वीज कमी आहे आणि माणसं फार, तेव्हा कोणीतरी हिशेबानं वाटलीच पाहिजे. काशीरामच्या लहरीवर चाललेलं मला तेव्हाही बरं वाटत नव्हतं, आमचं भागत होतं म्हणून गप्प होते.

काल रविवार होता. मुलीला बघायला तिच्या घरी गेले, गोरख न्यायला आला होता. भट्टीवरून पुढे बरंच चढून जावं लागतं, कर्नाळ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी. दहा-बारा झोपड्या. मुलगी झोळीत होती, अंगावर घामोळं, आवाज हा एवढा. पारूनं काळा चहा केला. ऊन उतरलं तसा झोपडीत काळोख झाला आणि तिनं चिमणी लावली. मी सवयीनं भिंतीवर बटण शोधत होते. बटण नव्हतं. वाडीत तारच आलेली नाही.

बाहेर येऊन वर बघितलं तर डोक्यावरून तुमचे ते मोठाले मनोरे गेलेत, एकावर एक तारा, गुणगुण आवाज करत. तळोज्याच्या कारखान्यांना जातात, मुंबईला जातात, आमच्या सबस्टेशनला येतात. ह्यांच्या झोपडीवर नुसती त्यांची सावली पडते. तुझ्या मशिनमध्ये पाच लाइनी आहेत. ज्यानं कमी सोसलं त्याची पाळी आधी, असं तू लिहिलंस ना? ह्यांची लाइट तीन वर्षांत एकदाही गेलेली नाही बघ.

निघताना पारू पोरीला छातीशी धरून उतारापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, ‘बाय, तुमचे पेटीत जी लाइट व्हती, ती आमचे वाडीत कदी येल?’

मी म्हटलं, माझ्या भाच्याला विचारून सांगते. पुढच्या रविवारी परत जाणार आहे. काय सांगू तिला?

तुझी
मावशी